नेट गेलं म्हणजे नेमकं काय गेलं?

मी सोलापूरच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते आणि उरलेल्या तासांना उर्दू. दोन्ही भाषांचं एका बाबतीत एकमत आहे. उर्दूत ‘नेट चला गया’, मराठीत ‘नेट गेलं’. आठवीला क्रियापदं शिकवताना हेच वाक्य मी फळ्यावर लिहिते. कर्ता कोण? नेट. काय केलं? गेलं. कर्म? नाही. म्हणजे अकर्मक क्रियापद. पाहुण्याने मर्जीने यावं आणि मर्जीने उठून जावं, तसं आमचं नेट येतं आणि जातं. कुठून गेलं, कुठपर्यंत होतं, हे विचारायची सोयच त्या वाक्यात नाही. व्याकरण बरोबर आहे, पण या वाक्याने आमच्या मोहल्ल्यातल्या मुलींचं नुकसान होतंय असं माझं मत बनत चाललं आहे.

गेल्या वर्षीची गोष्ट. माझी एक जुनी विद्यार्थिनी, आता बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख. घरात वायफाय आहे, म्हणजे चाचांच्या खोलीत राउटर आहे आणि तीन कुटुंबांत मिळून एक कनेक्शन. रात्री दहाला तिने उत्पन्नाचा दाखला अपलोड करायला घेतला आणि पडद्यावरची चकती फिरत राहिली. पान बंद केलं, उघडलं, पुन्हा चकती. घरात निकाल लागला की नेट गेलं. मोठ्या भावाने लॅपटॉप काखोटीला मारला आणि तो मित्राच्या घरी गेला. ही घरात बसून फोनवर त्याला पासवर्ड सांगतेय, ओटीपी सांगतेय. साडेअकराला अर्ज गेला, अल्हम्दुलिल्लाह म्हणून सगळे झोपले. पुढे काही दिवसांनी अर्ज त्रुटी काढून परत आला. वडिलांच्या वार्षिक उत्पन्नात एक शून्य जास्त पडलं होतं. शिष्यवृत्ती मागणारं घर कागदावर एकदम श्रीमंत झालं.

यात भावाची चूक मी मानत नाही. तो बिचारा रात्रीचा धावला. माझं म्हणणं वेगळं आहे. नेट गेलं की मुलगा बाहेर जातो. चौकात, मित्राकडे, सायबर कॅफेत. मुलगी रात्री दहाला कुठे जाणार? हे फक्त आमच्या गल्लीत आहे असं कुणी समजू नये. शाळेतल्या माझ्या मराठी मैत्रिणींच्या घरीही हेच चालतं. म्हणून घरातलं वायफाय नीट चालणं ही मुलासाठी सोय आहे आणि मुलीसाठी दरवाजा आहे. तो अडकला तर कडी कुठे अडकलीय हे तिला स्वतःला पाहता आलं पाहिजे.

हे शहाणपण मला फार आधी सुचलेलं नाही. तीन वर्षांपूर्वी माझ्याच लॅपटॉपचं वायफाय दर थोड्या वेळाने तुटायचं. ऑनलाइन प्रशिक्षण चालू आहे आणि मी मध्येच गायब. दुकानात नेला. दुकानदाराने झाकण न उघडताच ‘विंडोज खराब झालंय मॅडम’ असं सांगितलं आणि फॉरमॅट मारला. त्यात इनपेजमध्ये टाइप केलेल्या माझ्या सहा वर्षांच्या उर्दू प्रश्नपत्रिका गेल्या. हे ‘गेल्या’ मात्र सकर्मक होतं, कर्ता माझ्यासमोर उभा होता. एवढं करून घरी आणला तर वायफाय तसंच तुटतंय. पुन्हा गेले तेव्हा तो म्हणाला, वायफाय कार्ड बदलावं लागेल, कदाचित मदरबोर्ड.

तेव्हा मला बी.एड. आठवलं. त्या वर्षात शिकवलेलं बरंच मी विसरले, पण नैदानिक चाचणी विसरले नाही. एखादं पोर भागाकारात चुकतं. आळशी शिक्षक म्हणतो, त्याचं गणित कच्चं आहे. चांगला शिक्षक पाच लहान लहान उदाहरणं देतो आणि शोधतो की पोराला पाढा येत नाही, की वजाबाकीत हातचा चुकतो, की वरचा अंक खाली उतरवायचं राहतं. कच्चं गणित नावाचा आजार नसतोच. ‘नेट गेलं’ नावाचाही नसतो.

मी एक जुनी वही घेतली आणि आठवडाभर लिहून ठेवलं: किती वाजता तुटलं, मी कुठे बसले होते, चार्जर लावला होता की नव्हता. चार दिवसांतच वही बोलायला लागली. चार्जर लावलेला असताना एकदाही तुटलं नव्हतं. बॅटरीवर असताना, त्यातही मी काही न करता नुसती वाचत बसले की तुटायचं. पुढचं एका भाच्याने फोनवर सांगितलं. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडायचा, नेटवर्क अडॅप्टरच्या यादीत वायफायच्या नावावर जायचं, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट. तिथे एका चौकोनात बरोबरची खूण होती: वीज वाचवण्यासाठी संगणकाने हे उपकरण बंद केलं तरी चालेल. म्हणजे लॅपटॉप माझी वीज वाचवत होता आणि माझं प्रशिक्षण बुडवत होता. खूण काढली. खर्च शून्य रुपये. सगळ्या लॅपटॉपमध्ये ही खूण दिसतेच असं नाही, पण दिसली तर आधी तिच्याकडे पाहावं. आणि दुकानात जाण्याआधी फायलींची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी, हे मी आता कलमा शिकवावा तसं सगळ्यांना शिकवते.

आता मूळ मुद्दा. वायफाय आणि इंटरनेट ही एक गोष्ट नाही. लॅपटॉपपासून राउटरपर्यंत हवेतून जातं ते वायफाय. राउटरच्या पलीकडे तार आहे, कंपनी आहे, आणि शेवटी ती वेबसाइट आहे. कोपऱ्यातल्या त्या पंख्यासारख्या दांड्या फक्त पहिला टप्पा दाखवतात. दांड्या भरलेल्या आणि नेट बंद, असं होऊ शकतं. तार रस्त्यात खोदकामाने तुटली तरी दांड्या हसतच असतात. म्हणून पहिला प्रश्न हाच: कुठल्या टप्प्यावर?

याचं उत्तर मिळवणं व्याकरणापेक्षा सोपं आहे. त्याच वायफायवर घरातला मोबाइल चालतोय का, मोबाइल डेटा बंद करून पाहायचं. चालत असेल तर गुन्हेगार लॅपटॉप आहे किंवा लॅपटॉपची जागा. मोबाइलही चालत नसेल तर राउटर किंवा बाहेरची तार. फायबरच्या डब्यावर ‘लॉस’ असं लिहिलेला दिवा असतो. तो लाल झाला की प्रकाशाचा सिग्नलच आत येत नाही, मग लॅपटॉपशी कुस्ती खेळण्यात अर्थ नाही. थोडं पुढे जायचं असेल तर विंडोजची ती काळी खिडकी, कमांड प्रॉम्प्ट. तिची भीती वाटते, मलाही वाटायची. ‘आयपीकॉन्फिग’ टाइप केलं की ‘डिफॉल्ट गेटवे’समोर राउटरचा पत्ता दिसतो, बऱ्याचदा १९२.१६८.१.१ असा. ‘पिंग’ लिहून जागा सोडून तो पत्ता द्यायचा. ही राउटरला मारलेली हाक आहे. किती मिलिसेकंदात ‘ओ’ आली ते दिसतं. मग तशीच हाक ८.८.८.८ ला, तो गूगलचा सर्व्हर आहे, घराबाहेरचा. राउटर लगेच ओ देतो आणि बाहेरचा देत नाही, तर दोष बाहेर. राउटरच ओ द्यायला अडखळतो, तर दोष घरात. हाक आणि ओ, एवढंच.

कंपनीला फोन लावला की पलीकडून ‘राउटर बंद करून चालू करा’ हा एकच उतारा मिळतो. तो खोटा नाही, कित्येकदा लागूही पडतो. पण ‘राउटरपर्यंत सगळं ठीक आहे, बाहेरच्या दहा हाकांतल्या चार हरवतायत’ असं मी एकदा सांगितलं तेव्हा पलीकडचा आवाज बदलला आणि दुसऱ्या दिवशी माणूस आला. ‘नेट गेलं’ म्हणणाऱ्या बाईला ते शांत करतात, टप्पा सांगणाऱ्या बाईची तक्रार लिहून घेतात.

काही वेळा कुणाचाच दोष नसतो. आमच्या शाळेचा एक जुना लॅपटॉप सुट्टीभर कपाटात पडून होता. जूनमध्ये काढला तर वायफाय जोडलेलं, पण एकही पान उघडेना, सारखी सुरक्षिततेची सूचना. आतलं छोटं सेल संपल्यामुळे त्याची तारीख काही वर्षं मागे गेली होती. तारखेचा मेळ बसला नाही की वेबसाइटचं प्रमाणपत्र ब्राउझर मान्य करत नाही. तारीख नीट केली, सुरू झालं. दोन शिक्षक तोवर राउटर बदलण्याचा ठराव करून बसले होते. आणि अर्जाच्या शेवटच्या रात्री हजारो मुलं एकाच दाराशी उभी असतात तेव्हा पोर्टलच गुदमरतं. त्यावर लॅपटॉपमध्ये उपाय नाही, चार दिवस आधी अर्ज भरणं एवढाच आहे. दुसऱ्या वेबसाइट झटपट उघडत असतील तर ते ओळखावं आणि स्वतःच्या घराला दोष देणं थांबवावं.

अर्ज परत आला तेव्हा ती मुलगी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. “टीचर, लॅपटॉपच खराब आहे, भाई म्हणतो विकून टाक.” विकून टाक हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. शिलाईकाम करून अम्मीने घेतलेला लॅपटॉप. माझ्या घरी जोडला, तासभर एकदाही तुटला नाही. नैदानिक चाचणीचं पहिलं उदाहरण तिथेच सुटलं. लॅपटॉप निर्दोष.

मग मी तिच्या घरी गेले. जुनं दगडी बांधकाम, दीड-दोन फुटांच्या भिंती, उन्हाळ्यात गार राहणाऱ्या. राउटर चाचांच्या खोलीत लोखंडी कपाटामागे, वर क्रोशाचं विणलेलं झाकण, धूळ बसू नये म्हणून. शोभा छान होती. तिला म्हटलं, तूच कर. चाचांच्या खोलीत हाक मारली, तीन मिलिसेकंदात ओ. तिच्या खोलीत, मध्ये दोन भिंती, एकदा चाळीस, एकदा आठशे, मग ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’. तिने स्वतःच चार ठिकाणी उभं राहून आकडे वहीत लिहिले. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पुन्हा पाच मिलिसेकंद. भावाला वही दाखवली. तो बराच वेळ पाहत राहिला.

गल्लीत वायफायची आणखी अकरा नावं दिसत होती, बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर. हा पट्टा भारतात २००५ पासून विनापरवाना मोकळा आहे, म्हणून शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथचे माउस, मायक्रोवेव्ह ओव्हन सगळे तिथेच गर्दी करतात. एका लग्नात चार लाउडस्पीकर लागावेत तसं. त्यात १, ६ आणि ११ हेच तीन चॅनेल एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी आणि वेग जास्त, पण दगडी भिंतीपुढे तो आणखी लवकर दमतो. त्यामुळे तिच्या खोलीसाठी चॅनेल बदलून फारसं भागणार नव्हतं. राउटरच जागचा हलवायला हवा होता.

अर्जाची दुरुस्ती तिने त्याच संध्याकाळी जिन्यावर बसून केली. मांडीवर लॅपटॉप, शेजारी उत्पन्नाचा दाखला, शून्यं तीनदा मोजली. मगरिबची अजान झाली तेव्हा अपलोड पूर्ण झालं होतं. यावेळी ओटीपी कुणाला सांगावा लागला नाही.

राउटर हलवणं मात्र पिंगपेक्षा अवघड निघालं. तीन कुटुंबांचं कनेक्शन, पण खोली चाचांची. जिन्यात लावला तर पोरं हात लावतील. वीज कुणाच्या मीटरवर? “हमारा नेट कम तो नहीं होगा ना?” चाचींनी विचारलं. प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, वहीत पाहू. त्यांच्या पलंगाजवळचे आकडे आधी लिहिले, राउटर जिन्यात तात्पुरता धरून पुन्हा लिहिले. थोडा फरक पडला, पण त्यांच्या सीरियलला पुरून उरेल इतकं होतं. फायबरचा डबा चाचांकडेच राहील, तिथून तार ओढून राउटर जिन्याच्या कोनाड्यात उंचावर बसवायचा, क्रोशाचं झाकण मात्र नाही, असं ठरलं. ठरायला दोन चहा लागले.

तार मी आणून देते म्हटलं होतं. अंदाजाने दहा मीटरची नेली. ती चौकटीला वळसा घालून जिन्यापर्यंत येता येता संपली, तेव्हा मुलीने न बोलता घरातली शिलाईची टेप काढली आणि मोजायला लागली. पंधरा मीटर.