शेतावरची शाळा

दोस्तांनो, वर्गात डुलकी लागली तर काय होतं? ओरडा खावा लागतो! टॉलस्टॉय फार्मवर मात्र गुरुजीच पेंगायचे.

हे गुरुजी म्हणजे आपले गांधीजी. १९१० साली त्यांचे मित्र हर्मन कॅलनबाख यांनी दक्षिण आफ्रिकेत, जोहान्सबर्गपासून २१ मैलांवरची ११०० एकर जमीन सत्याग्रहींच्या कुटुंबांना राहायला दिली. तिथे हजारेक फळझाडं होती. मुलांची सकाळ खणण्यात, झाडांची निगा राखण्यात जाई. सांडपाणी बादलीत साठवून झाडांना, भाजीची सालं-देठं खताला. मैलासुद्धा दीड फूट खोल खड्ड्यात मातीने झाकत. त्याचंही खत होई. नाकं मुरडू नका, तिथे ना वास यायचा, ना माश्या! धडे दुपारी, जेवणानंतर. मग काय, दमलेली मुलं आणि गुरुजी, सगळेच डोळ्यांवर पाणी मारून बसत.

मजा वाटली ना? पण थांबा. गांधीजींचा थोरला मुलगा हरिलाल याला रीतसर शिक्षण हवं होतं. १९११ साली तो त्यासाठी घर सोडून हिंदुस्थानात निघून आला. मुलांच्या पुस्तकी शिक्षणाला आपण पुरेसा वेळ दिला नाही, हे गांधीजींनी आत्मकथेत कबूल केलंय. आईबाबांनाही हे वाचायला द्या बरं का!

तुम्हाला शाळाही आहे आणि रविवारही. तेव्हा फुटक्या बादलीत मूठभर मेथी पेरा. तांदूळ धुतलेलं पाणी घाला. कोंब वर आले की रोज पट्टीने मोजायचं, वहीत लिहायचं आणि दहाव्या दिवशी आलेख काढायचा. मध्येच डुलकी आली तर पाणी आहेच!