एक चाक गरगर, एक चाक गप्प

दोस्तांनो, या खेपेला माझ्याकडे आलेल्या पत्रांत खुलताबादहून एक पत्र आहे. लिहिणारा आठवीत आहे. आधी त्याचं पत्रच वाचा.

‘आमचं शेत म्हैसमाळच्या बाजूला आहे. शेतात जायचा रस्ता कच्चा, आणि मध्ये एक ओढा लागतो. ओढ्यात डाव्या हाताला खडक आहे, उजव्या हाताला चिखल. सीताफळांच्या दिवसांत आमची जुनी जीप तिथं हमखास अडकते. मागचं उजवं चाक गरगर फिरतं आणि खडकावरचं डावं चाक गप्प उभं राहतं. आजोबा म्हणतात, इंजिनात दम राहिला नाही. मिस्त्री म्हणतात, मागच्या डिफरन्शियलचे गिअर वेल्डिंगनं जोडून टाकू, स्वस्तात काम होईल. पण याच जीपनं बाबा मला आणि ताईला घाट उतरून शहरात नेतात. वेल्डिंग करावं का?’

पत्र वाचलं आणि ठरवलं, आजचा सगळा लेख याच प्रश्नावर. कारण आजोबांचं उत्तर चूक आहे, मिस्त्रींचं अर्धं बरोबर आहे, आणि राहिलेलं अर्धं धोक्याचं आहे.

आधी सांगा पाहू, बैलगाडी वळते तेव्हा काय होतं? आतल्या बाजूचं चाक थोडं फिरतं, बाहेरचं जास्त फिरतं. बैलगाडीला याची काही अडचण नसते. तिचा आस जागच्या जागी असतो आणि दोन्ही चाकं त्याच्यावर सुटी फिरतात. ओढायचं काम बैलांचं, चाकांचं नाही. जीपमध्ये मात्र चाकांनीच गाडी ढकलायची असते. म्हणजे इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना द्यायची, आणि वर त्यांना वेगवेगळ्या गतीनं फिरूही द्यायचं! 1827च्या सुमारास ओनेसिफोर पेकर नावाच्या फ्रेंच माणसानं वाफेच्या गाडीसाठी यावर तोड काढली. हा गृहस्थ मूळचा घड्याळजी, त्यामुळे दातेरी चाकांशी त्याची जुनी दोस्ती. मोटारीच्या मागच्या आसाच्या मधोमध जो गोल फुगवटा दिसतो ना, त्याच्या आत त्याच कल्पनेचं यंत्र बसलेलं असतं. तेच डिफरन्शियल. जीप सोडा, आपल्या तीनचाकी रिक्षालाही ते असतं.

त्याची गरज किती आहे, हे एका गणितानं कळेल. दौलताबादच्या किल्ल्याच्या जुन्या दरवाजातून रस्ता जातो आणि पुढं घाट चढून खुलताबादला पोचतो. समजा वाटेत एक पूर्ण उलटं वळण आलं, यू अक्षरासारखं. जीपच्या डाव्या-उजव्या चाकांत 1.4 मीटर अंतर धरा. बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा किती जास्त चालावं लागेल? 1.4 गुणिले 3.14, म्हणजे साधारण 4.4 मीटर. गंमत अशी की वळण घट्ट असो की पसरट, हे उत्तर तेच राहतं. वहीत दोन अर्धवर्तुळं काढून पडताळून बघा. चाकाचा घेर 2.2 मीटर असेल, तर एका वळणात बाहेरचं चाक पुऱ्या दोन फेऱ्या जास्त फिरतं. हे आकडे विसरू नका हं, पुढं लागणार आहेत.

आता ओढ्याकडे वळू. चिखलातलं चाक फिरतं, खडकावरचं का फिरत नाही? टेबलावर एक पट्टी आडवी ठेवा. तिच्या एका टोकापुढं जाड पुस्तक ठेवा, दुसऱ्या टोकापुढं खोडरबर. आता पट्टीच्या बरोबर मध्यावर एकच बोट लावून ढकला. काय झालं? खोडरबर सरकलं, पट्टी तिरकी फिरली आणि पुस्तक जागचं हललं नाही. तुमच्या बोटात जोर कमी होता का? मुळीच नाही. पट्टी दोन्ही टोकांना सारखाच जोर देते. खोडरबर जेवढा जोर झेलू शकतं, तेवढाच पुस्तकाच्या वाट्याला येतो.

डिफरन्शियलच्या पोटातले छोटे स्टार गिअर म्हणजे ही पट्टीच. ते दोन्ही एक्सलना सारखा जोर देतात. समजा चिखलातलं चाक 20 किलोचाच रेटा पेलू शकतं, त्यापुढं घसरतं. खडकावरचं चाक 200 किलोचा पेलू शकतं. तरी खडकावरच्या चाकाला मिळणार 20च. दोन्ही मिळून 40. एवढ्यात जीप कशी हलेल? इंजिन दुप्पट ताकदीचं बसवलं तरी चाळीसच! आजोबांना हे पट्टीनं करून दाखवा, रागावणार नाहीत.

आणखी एक. डावं चाक थांबलेलं असतं तेव्हा उजवं नेहमीच्या दुप्पट गतीनं फिरतं. काटा 30 दाखवतो, जीप शून्यावर असते आणि चिखलातलं चाक 60च्या हिशेबानं माती उडवत असतं. म्हणून मागं उभं राहून धक्का देणाऱ्यांचे कपडे तसे होतात.

यावरचा उपाय तुमच्यापैकी अनेकांच्या घरी उभा आहे. कुठं? ट्रॅक्टरवर! ड्रायव्हरच्या टाचेजवळ एक लहानसं पेडल असतं. नांगरताना एक चाक घसरू लागलं की ते दाबतात. मग मागचे दोन्ही एक्सल एकमेकांना जखडले जातात आणि एकाच दांड्यासारखे फिरतात. यालाच डिफरन्शियल लॉक म्हणतात. मग 20 आणि 20 नाही, तर 20 आणि 200 असा हिशेब होतो. पण घरातल्या मोठ्यांना विचारा, ते पेडल दाबून ट्रॅक्टर वळवतात का? कधीच नाही. लॉक लागला की वळायचं नाही आणि एकाच बाजूचा ब्रेकही दाबायचा नाही. शिवाय चाक जोरात फिरत असताना लॉक लावायचा नाही, आधी चाक थांबू द्यायचं. नाहीतर आतले दाते तुटतात.

आता मिस्त्रींचं वेल्डिंग. स्टार गिअर जोडून टाकले की लॉक कायमचा बसतो. ओढ्यात जीप बाहेर येईल, यात शंका नाही. पण मघाचे ते 4.4 मीटर आठवा. डांबरी घाटात प्रत्येक उलट्या वळणावर बाहेरच्या चाकाला दोन फेऱ्या जास्त फिरायचं आहे आणि आता तशी सोयच नाही. मग टायर रस्त्यावर फरपटत जाणार. टायर झिजतील ते वेगळंच. पावसात ओल्या रस्त्यावर ही दोन चाकं वळणावर आधीच घसरत असतात. त्यात थोडा वेग जास्त झाला, तर जीपची शेपटी बाहेर फेकली जाते. शिवाय ती सगळी ओढाताण एक्सल सोसतो आणि एक दिवस तुटतो. काही गाड्यांत चाक एक्सलच्याच आधारावर असतं. तिथं एक्सल तुटला की चाकही निसटू शकतं. चिखलाच्या शर्यतीत उतरवायच्या गाड्यांना लोक असं वेल्डिंग करतात, पण त्या गाड्या मुलांना घेऊन घाट उतरत नाहीत. तेव्हा मित्रा, माझं उत्तर ‘नको’ असं आहे. मिस्त्रींना वाईट वाटायला नको. रोग त्यांनी अचूक ओळखला, औषध तेवढं जालीम निघालं.

मग घ्यायचं काय?

बाजारात एक प्रकार असा मिळतो की आत घर्षणाच्या चकत्या असतात. त्या एका चाकाला फार पुढं पळू देत नाहीत. रस्त्यावर हा प्रकार गुणी. पण तो ओढ्यातल्या चाकाला अर्धीमुर्धीच मदत करतो, चकत्या झिजतात आणि त्याला तेलही खास लागतं. दुसरा प्रकार अमेरिकेतला जुना, ‘डेट्रॉइट लॉकर’ नावाचा. तो बंदच असतो आणि वळणावर आपणहून सुटतो. मजबूत आहे, पण वळताना खाटखूट वाजतो, आणि वळणात ॲक्सिलरेटर दाबला तर गाडी सरळ जायचा हट्ट धरते. घाटाच्या वाटेवर असा हट्टी सोबती मला तरी नको.

तिसरा प्रकार फार हुशार आहे. ईटन कंपनीचा हा लॉकर एरवी उघडा असतो. दोन चाकांच्या गतीत मिनिटाला सुमारे 100 फेऱ्यांचा फरक पडला की आतली छोटी वजनं बाहेर फेकली जातात, खुंटीत अडकतात आणि लॉक बसतो. ना वायर, ना बटण! पण वळणावर तो चुकून बसत नाही का? हिशेब करा. घाटातल्या घट्ट वळणावर ताशी 15 किलोमीटरनं जाताना दोन चाकांत मिनिटाला पंधरा-वीस फेऱ्यांचाच फरक असतो. शंभर व्हायला चाक खरंच घसरावं लागतं. आणि गाडी ताशी तीसेक किलोमीटरच्या वर असेल तर लॉक बसतच नाही. नाशिकला तयार होणाऱ्या महिंद्र थारमध्ये 2015 पासून हा प्रकार आला. याची उणीव एवढीच की आधी चाक घसरू द्यावं लागतं आणि मग धाडकन लॉक बसतो. नव्या माणसाला वाटतं, काहीतरी तुटलं.

चौथा प्रकार ट्रॅक्टरसारखा, ड्रायव्हरच्या हातातला. कुठं तो दांड्यानं लागतो, कुठं विजेच्या बटणानं, तर कुठं हवेच्या दाबानं. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखा गाडीत पुढं आणि मागं दोन्हीकडे असे लॉक असतात. हवेवर चालणारा लॉकर ऑस्ट्रेलियाच्या एआरबी कंपनीमुळे जगभर माहीत झाला. त्याला छोटा कंप्रेसर आणि एक बारीक नळी लागते. ती नळी दगडाला लागून तुटली तर लॉक गेला. हा प्रकार महाग खरा. पण ओढ्याच्या अलीकडे थांबायचं, लॉक लावायचा, सरळ पलीकडे जायचं आणि लॉक काढायचा. घाटात जीप अगदी पहिल्यासारखी चालते.

मी खुलताबादच्या घरात असतो तर चौथा प्रकार निवडला असता, आणि पैसे कमी पडले तर तिसरा. मात्र जीप दुसरं कुणी चालवत असेल, लॉक काढायला विसरणारं, तर तिसराच आधी. हा निर्णय बाबांनी घ्यायचा. घरात कोण विसरभोळं आहे ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक!

पण थांबा. मित्राच्या ओढ्यात एका बाजूला खडक आहे, म्हणून लॉकरचा उपयोग. तुमचा रस्ता दोन्ही बाजूंनी काळ्या मातीचा असेल, तर लॉकर एका खड्ड्याऐवजी दोन खड्डे करून देईल, बस्स. काळी माती टायरच्या खाचा भरून टाकते आणि टायर गुळगुळीत चेंडू होतो. गाडीचं पोट जमिनीला टेकलं असेल तर कोणताच लॉकर कामाचा नाही, तिथं फावडंच पाहिजे. लॉकरवर खर्च करण्याआधी टायरच्या नक्षीकडे बघा. ती झिजलेली असेल तर पहिला खर्च तिथं. आणि उन्हाळ्यात ओढ्याच्या उजव्या बाजूला चार-सहा पाट्या दगड-मुरूम टाकून पाहिला का? हा सगळ्यात स्वस्त लॉकर. पहिल्या मोठ्या पुरात वाहून जातो, ही एकच खोट.

एवढं करूनही जीप अडकली, तर मित्रा, तुझ्यासाठी एक काम आहे. कोणताही लॉकर कोणत्याही जीपमध्ये बसत नाही. एक्सलच्या आतल्या टोकावर उभ्या खाचा असतात, त्यांना स्प्लाइन म्हणतात. त्यांची संख्या लॉकरशी तंतोतंत जुळावी लागते. पुढच्या वेळी मिस्त्री एक्सल बाहेर काढतील तेव्हा खडूनं एका खाचेवर खूण कर आणि तिथून सगळ्या खाचा मोज. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. क्राऊन आणि पिनियनचे दातेही मोजायला सांग. बदल करण्याआधी बाबांना आरटीओत एकदा विचारून यायला सांग. मग ते आकडे मला पोस्टकार्डावर कळव. आणि हो, पट्टी आणि खोडरबर बघून आजोबा काय म्हणाले, तेही लिही.