गोष्ट नसली तरी व्हिडिओ करा

हातात मोबाइल असलेल्या प्रत्येकाला माझी एक विनंती आहे. एकदा तरी गोष्ट नसलेला व्हिडिओ करून बघा. त्यात नायक नको, संवाद नकोत आणि ‘शेवटी काय झालं’ हेही नको. तराण्यातल्या बोलांना अर्थ नसतो, तरी आपण मान डोलावतोच ना?

आपल्याकडे हे काम मोठ्या माणसांनी करून ठेवलं आहे. चित्रकार एम. एफ. हुसेन यांनी १९६७ मध्ये फिल्म्स डिव्हिजन या सरकारी खात्यासाठी ‘थ्रू द आईज ऑफ अ पेंटर’ ही फिल्म केली. त्यात राजस्थानातली माणसं, जनावरं, भिंती आहेत आणि मधूनच येणारे छत्री, कंदील, जोडा. कथा काहीच नाही. बर्लिनच्या महोत्सवात लघुपटांसाठीचं गोल्डन बेअर तिला मिळालं. मुंबईत चित्रकार अकबर पदमसी यांनी ‘सिझिजी’ केली. तिच्यात फक्त रेषा आणि आकार आहेत, आवाजसुद्धा नाही. हुसेन यांचा प्रयोग तर सरकारी खात्याच्या पैशातून झाला, याचं मला आजही फार अप्रूप वाटतं.

कथा काढून टाकली की दृश्यांना बांधून ठेवणारं दुसरं काहीतरी लागतं. नुसते सुंदर शॉट एकापुढे एक लावले, तर बघणारा लगेच कंटाळतो. म्हणून आधी एक नियम ठरवा आणि तो मोडू नका. समजा, तुम्ही पिठाच्या गिरणीत गेलात. फक्त खाली पडणाऱ्या गोष्टीच टिपायच्या, असं ठरवा: धान्य, पीठ, उन्हाच्या तिरिपेतली धूळ, तागडीत टाकलेलं वजन. किंवा मोबाइल एकाच जागी टेकवून ठेवा आणि समोर जे येईल-जाईल तेवढंच घ्या. गिरणीवाल्याची परवानगी मात्र आधी घ्या आणि कॅमेऱ्यासमोर नको म्हणणाऱ्याला सोडून द्या.

जोडतानाही तोच नियम चालवा. एका शॉटमध्ये पीठ ज्या वेगानं पडतं, तोच वेग पुढच्या शॉटमध्ये धुळीत सापडतो का ते पाहा. सापडला तर तिथे कापा. पहिल्यांदा तीन मिनिटं पुष्कळ झाली.

वरून गाणं मात्र टाकू नका, हे मी कळकळीनं सांगतो. गाणं आपली भावना सोबत घेऊन येतं आणि मग डोळे आळशी होतात. गिरणीच्या पट्ट्याची घरघर असू द्या, नाहीतर पूर्ण शांतता ठेवा.

झालं की घरच्यांना, शेजाऱ्यांना दाखवा. ‘यात आहे काय?’ असं कुणीतरी विचारेलच. समजावत बसू नका. काय लक्षात राहिलं आणि कुठे कंटाळा आला, एवढंच त्यांना विचारा. कंटाळ्याच्या जागा लिहून घ्या आणि पुन्हा कापायला बसा.