सोने शोधण्याचे यंत्र घेताना



आपल्या एका जुन्या वाचकांचे पत्र आले आहे. त्यांचे चिरंजीव ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया राज्यातील बेंडिगो येथे नोकरीस आहेत. तिकडे सुट्टीच्या दिवशी लोक हातात मेटल डिटेक्टर घेऊन रानात सोने शोधावयास जातात. तसे आपणही जावे असे चिरंजिवांच्या मनात आले आहे. यंत्राची किंमत पाच लाखांच्या घरात. निम्मे पैसे घरून पाठवावेत, पुढे तेच यंत्र गावी आणून जुन्या वाड्यातले गुप्तधनही पाहू, असे त्याने कळविले आहे. वडील विचारतात, "दोन म्हशी विकल्या तर रक्कम उभी राहते. विकू का?"

म्हशी विकू नका. मात्र मुलाला वेड्यातही काढू नका, कारण तो सांगतो त्यातला निम्मा भाग खरा आहे. परदेशी पोरे असलेली घरे आता गावोगाव आहेत, म्हणून उत्तर सर्वांसाठी लिहीत आहे.

व्हिक्टोरियात 1851 साली सोने सापडले आणि जगभरचे लोक तिकडे धावले. तेथील सोन्याचे वैशिष्ट्य असे की, खडकातून सुटलेले गोळे आणि खडे पुष्कळ ठिकाणी मातीच्या वरच्या थरातच पडलेले असत. 1869 मध्ये मोलियागल गावाजवळ जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स या दोघांना झाडाच्या मुळांशी, जमिनीखाली जेमतेम दोन बोटांवर, सत्तर किलोंच्या आसपासचा गोळा कुदळीने सापडला. तो तोलावयास पुरेसा मोठा तराजू नव्हता, म्हणून ऐरणीवर ठेवून त्याचे तुकडे करावे लागले. पुढे 1980 मध्ये किंगोवर येथे केविन हिलियर यांना मेटल डिटेक्टरने सुमारे 27 किलोंचा गोळा फूटभर खोलीवर मिळाला. त्याला 'हँड ऑफ फेथ' असे नाव पडले. तेव्हा यंत्राने सोने सापडते ही काही बाजारगप्प नव्हे. परंतु असे गोळे मोजके, आणि शोधणारे हजारो. बहुतेकांच्या हाती दिवसाकाठी खिळे, बंदुकीचे शिशाचे छर्रे आणि डब्यांची झाकणे येतात. लाभला तर ज्वारीच्या दाण्याएवढा खडा.

आता यंत्राविषयी. पंपाची मोटार जळाली की आपण कॉइल भरून आणतो. तशीच तांब्याच्या तारेची कॉइल यंत्राच्या दांड्याच्या टोकाला चपट्या ताटलीत बसविलेली असते. तिच्यात वीज खेळवली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. खाली धातू असेल तर त्यात बारीक विद्युतप्रवाह उठतात, त्याची जाणीव कॉइलला होते आणि कानातल्या फोनमध्ये सूर बदलतो. इतकेच. यंत्राला सोन्याचा वास येत नाही. शिसे आणि सोने त्याला जवळजवळ सारखेच वाटतात, म्हणून प्रत्येक आवाज खणून पाहावा लागतो. पिठासारखे बारीक सोने यंत्राला कळतही नाही. ते पाण्यात माती घोळवूनच काढावे लागते.

खरी अडचण धातूची नसते, मातीची असते. ज्या मातीत लोहाचे खनिज अधिक, ती माती स्वतःच यंत्राशी बोलू लागते. तिचा आवाज वजा करावा लागतो. वाणी माल तोलण्याआधी तराजूचा पासंग काढतो ना, अगदी तसेच. यंत्र विकणारे याला ग्राउंड बॅलन्स म्हणतात. ज्या यंत्राचा पासंग नीट निघत नाही, ते लाल मातीत दिवसभर कोल्हेकुई करीत राहते.

या पासंगावरूनच यंत्रांच्या दोन जाती पडतात. पहिली व्हीएलएफ. हिच्या कॉइलमध्ये प्रवाह अखंड चालू असतो. ती वजनाला हलकी, किमतीला उतरती आणि लोखंड कोणते हे बऱ्यापैकी ओळखणारी. सौम्य मातीत, उथळ आणि बारीक सोन्याला ती चांगली. पण लोहयुक्त मातीत तिचा दम तुटतो. दुसरी पल्स इंडक्शन. हिच्यात प्रवाह क्षणात सोडतात आणि क्षणात तोडतात. चुलीतला जाळ ओढून घेतला तरी तव्याची धग काही वेळ राहते. तशी धातूतल्या प्रवाहाची विझती धग ही यंत्रे टिपतात. मातीची धग लवकर विझते, धातूची रेंगाळते. म्हणून वाईट मातीतही ही यंत्रे खोलवर चालतात. लोखंड वेगळे काढण्यात मात्र ती कच्ची. ॲडलेडच्या मिनलॅब कंपनीने 1995 मध्ये एसडी 2000 हे या जातीचे यंत्र आणले, तेव्हा जुन्या, पिंजून झालेल्या रानांतून पुन्हा सोने निघू लागले. 2021 मध्ये आलेले जीपीएक्स 6000 त्याच घराण्यातले. पत्रातला पाच लाखांचा आकडा अशाच यंत्राचा दिसतो.

नवखे लोक सारे लक्ष यंत्रावर देतात आणि कॉइल दुकानदार देईल ती घेतात. हे बैलजोडी पारखून घ्यावी आणि औत मिळेल ते जुंपावे, असे झाले. मोठी कॉइल म्हणजे नांगर. ती खोल जाते, पण मोठ्या गोळ्यासाठीच. बारीक खडा तिच्या हातून निसटतो. शिवाय ती मातीचाही अधिक आवाज उचलते आणि तासाभरात खांदा भरून येतो. लहान कॉइल म्हणजे खुरपे. खोली कमी, पण झुडपांच्या बुंध्याशी, दगडांच्या फटीत ती शिरते आणि गव्हाच्या दाण्याएवढेही सोडत नाही. कोणी म्हणेल, मग दोन्ही घ्याव्या. घ्याव्या, पण पहिली मधली असावी. अकरा इंचांच्या आसपासची गोल कॉइल नवख्याला पुष्कळ दिवस पुरते.

आकाराइतकीच गुंडाळणी महत्त्वाची. मोनोलूप कॉइलमध्ये तारेचे एकच वेटोळे वीज पाठवते आणि तेच ऐकते. तिची पोहोच भोवऱ्यासारखी खाली निमुळती होत जाते. खोलीला ती सरस. मात्र प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा चढवून मारावा लागतो, नाहीतर मधली जमीन कोरी राहते. डबल-डी कॉइलमध्ये इंग्रजी डी अक्षरासारखी दोन वेटोळी एकमेकांवर किंचित चढविलेली असतात, एक पाठवणारे, दुसरे ऐकणारे. तिची पोहोच विळ्याच्या पात्यासारखी मागून पुढे जाते. खोली थोडी कमी, पण लोहाच्या मातीत आणि विजेच्या तारांजवळ ती शांत राहते. पल्स यंत्रावर लोखंड थोडेफार ओळखायचे असेल तरी डबल-डीच लागते. मुलाने प्रथम तेथील माती कशी आहे हे जुन्या लोकांना विचारावे, मग कॉइल ठरवावी. माती शांत असेल तर मोनोलूप, कुरकुरी असेल तर डबल-डी. एका यंत्राची कॉइल दुसऱ्याला बसतेच असे नाही, हेही विकत घेण्यापूर्वी पाहावे. तळाला प्लॅस्टिकचे आवरण बसवून घ्यावे, खड्यांवर घासून कॉइल फुटते. आणि कोणतीही कॉइल असो, ती जमिनीला लागून, सपाट आणि सावकाश फिरवावी. घाईने फिरविली तर चांगली कॉइलही मुकी होते.

सुवर्णभूमीतल्या गावांत ही यंत्रे दिवसाच्या भाड्याने देणारी दुकाने आहेत. मुलाने चार-सहा सुट्ट्या भाड्याच्या यंत्रावर काढाव्यात. हौस टिकली तर स्वतःच्या पगारातून जुने यंत्र घ्यावे, तेही चालवून पाहून. नामांकित यंत्रांच्या नकलाही बाजारात आहेत. तेथील सरकारचा मायनर्स राइट नावाचा परवाना आधी काढावा. तो दहा वर्षे चालतो. खासगी रानात मालकाची संमती लागते आणि खणलेला खड्डा बुजवावा लागतो. उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या डिसेंबर-जानेवारीत, तिकडे भयंकर ऊन आणि सापांचा वावर असतो. एकट्याने जाऊ नये.

राहिले वाड्याचे गुप्तधन. आपल्या राज्याचा फार मोठा भाग काळ्या कातळाचा आहे. या दगडात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते, भाजलेल्या विटा आणि चुलीची जळकी मातीही तशीच बोलते. पडक्या वाड्यात यंत्र धरले तर ते जागोजाग आवाज करील, आणि प्रत्येक आवाजाला घरचे लोक हंडा समजतील. खिळे, कड्या, बिजागऱ्या वेगळ्याच. मातीच्या जुन्या भिंतीच्या बुडाशी खणल्यास भिंत अंगावर येते, हे मी वेगळे सांगावयास नको.

समजा काही सापडले, तर 1878 चा निखात निधी कायदा आहे. जमिनीत दडविलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे काहीही मिळाले, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. लपविल्यास वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. संरक्षित किल्ल्यावर किंवा देवळाच्या आवारात तर खणूच नये.

आणखी एक. हातात दोन काड्या किंवा अँटेना धरून "अर्ध्या मैलावरचे सोने दाखवितो" म्हणणारे लोक गावात येतात. कॉइल जमिनीवरून फिरविल्यावाचून सोने दाखविणारे यंत्र नाही. इंग्लंडच्या जेम्स मॅकॉर्मिक याने अशीच अँटेनाची पोकळ डबडी बॉम्ब शोधणारी यंत्रे म्हणून इराकला विकली. 2013 मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. तेथे सरकारे फसली. तुमच्या दारी असा कोणी आला, तर त्याला आपल्या हाताने अंगणात पुरलेली अंगठी शोधावयास सांगा. आगाऊ रक्कम मात्र देऊ नका. आणि त्याने पूजा, बळी यांचे नाव काढले, तर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली पोलीस ठाण्यात तक्रार करता येते.