गीत आणि कुटाळकी

एखाद्या कवयित्री-गायिकेचे नवे गाणे कानी पडले की "हे कोणावर रचले आहे?" असा प्रश्न प्रथम विचारावयाचा, उत्तर मिळाले की समाधानाने मान हालवावयाची, आणि मग ते गाणे पुन्हा न ऐकले तरी चालेल अशा थाटाने पुढच्याकडे वळावयाचे, ही चाल आता इतकी रूढ झाली आहे की तिच्यात काही वावगे आहे असे सुशिक्षित कुटुंबांतही कोणास वाटत नाही. वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांनी तिला वाढविले आणि घरोघरच्या मोबाइल फोनांनी तिला बाळसे आणले. ही निरुपद्रवी करमणूक आहे असे पुष्कळांचे म्हणणे पडते. आमचे म्हणणे असे की, गाणे न ऐकता ते ऐकल्याचे समाधान मिळविण्याची ही एक युक्ती आहे. आणि ज्या स्त्रीने ते गाणे घडविले तिच्या श्रमांचे श्रेय भलत्याच माणसाच्या पदरी टाकण्याचीही. ही गोष्ट आम्ही एका परदेशस्थ गायिकेच्या उदाहरणाने दाखविणार आहो. उदाहरण पन्नास वर्षांपूर्वीचे आहे. धुरळा खाली बसला असल्यामुळे त्याचा निवाडा करणे सोपे जाते.

जोनी मिचेल हे नाव आमच्या वाचकांपैकी कित्येकांस परिचित असेल, कित्येकांस नसेल. या बाई १९४३ साली कॅनडातील आल्बर्टा प्रांतात जन्मल्या व पुढे त्याच देशातील सॅस्काटून शहरी वाढल्या. नवव्या वर्षी त्यांस पोलिओ झाला. त्या दुखण्याने डाव्या हातात अशक्तपणा राहिला आणि गिटारीवरील नेहमीच्या पकडी जड जाऊ लागल्या; तेव्हा वाद्य सोडून देण्याऐवजी त्यांनी ताराच निराळ्या रीतीने लावावयास प्रारंभ केला. अशा पन्नासांहून अधिक जुळण्या त्यांनी आजवर वापरल्या आहेत. तंबोऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी मध्यमात लावली की मैफलीचे वातावरण कसे पालटते हे ज्यांस ठाऊक आहे त्यांस याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. मिचेलबाईंच्या साथीतले स्वर सहसा घरी परतत नाहीत, उंबरठ्याशी घुटमळतात. वाक्य पुरे झाले असे वाटावे तेथे ते प्रश्न होऊन राहते.

त्यांचा 'ब्लू' हा संग्रह १९७१ साली निघाला. अवघी दहा गाणी, सुमारे छत्तीस मिनिटांचा ऐवज. त्यातील 'रिव्हर' या गाण्याच्या आरंभी पियानोवर 'जिंगल बेल्स' ही नाताळातील पोराबाळांच्या तोंडची चाल वाजू लागते. परंतु दोनचार सुरांतच तिचा उल्हास झडतो, आणि ऐन सणात एकट्या पडलेल्या माणसाचे मन त्याच सुरांमधून उघडे होते. गायिकेने अजून शब्दही उच्चारलेला नसतो. ही करामत दुःख झाल्याने साधत नाही. दुःख सर्वांनाच होते. पियानोवर ते असे उतरविणे एखादीलाच जमते. आणि येथे गीत, चाल, गायन व साथीचा कणा ही सारी एकाच व्यक्तीची. संग्रहांच्या वेष्टनांवरील चित्रेदेखील पुष्कळदा त्यांनीच काढलेली. शिवाय आपल्या गीतांचे हक्क परक्याच्या हाती न देता ते आरंभीच्या काळापासून स्वतःच्याच प्रकाशनसंस्थेकडे ठेवण्याइतकी व्यवहारदृष्टी त्यांच्या ठायी होती, हेही नमूद केले पाहिजे. कारण 'भावनाविवश प्रणयिनी' म्हणून जी मूर्ती पुढे रंगविण्यात आली तिच्याशी हे जुळत नाही.

अशा स्त्रीविषयी त्या वेळचे वजनदार संगीतविषयक पत्र काय लिहीत होते? १९७१ च्या आरंभी 'रोलिंग स्टोन'ने वर्षाच्या मानकऱ्यांची एक विनोदी यादी छापली आणि तीत मिचेलबाईंस 'ओल्ड लेडी ऑफ द इयर' ही पदवी बहाल केली. 'ओल्ड लेडी' म्हणजे त्या काळच्या तरुण मंडळींच्या बोलीत कोणातरी पुरुषाची बाई. पुढल्या वर्षी त्याच पत्राने एक आराखडा प्रसिद्ध केला. बाईंचे नाव, आणि त्यांच्याशी ज्यांचा संबंध जोडला जाई अशा गायकवादकांची नावे, असा तो वंशवृक्षाच्या धर्तीचा तक्ता होता. ती नावे आम्ही येथे देणार नाही. ज्यांस ती हवी असतील त्यांनी अन्यत्र शोधावी. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, हे पत्र कोणा सनातनी धर्ममार्तंडाचे नव्हते. जुन्या नीतिबंधनांतून मुक्त झालो असा पुकारा करणाऱ्या नव्या पिढीचे ते मुखपत्र होते. स्त्रीपुरुषांच्या मोकळ्या संबंधांचा गौरव ज्यांनी अहोरात्र करावा, त्यांनीच एका स्त्रीचा हिशेब असा चव्हाट्यावर मांडावा! गावच्या पारावर बसणारे म्हातारे निदान स्वातंत्र्याच्या गप्पा तरी मारीत नाहीत. मिचेलबाई त्यानंतर १९७९ पर्यंत त्या पत्रास मुलाखत देण्यास बसल्या नाहीत.

परंतु कुटाळकी असभ्य असते एवढेच सांगावयाचे असते तर त्यास निबंधाचे प्रयोजन नव्हते. आमचा मुख्य आक्षेप निराळा आहे. कुटाळकीस सर्व काही ठाऊक असते असा तिचा तोरा असतो. वास्तविक तिच्याइतके अडाणी दुसरे काही नाही.

'ब्लू'मधील तिसरे गाणे 'लिट्ल ग्रीन' हे होय. १९७१ च्या ऑगस्टात त्याच 'रोलिंग स्टोन'मध्ये संग्रहाचे परीक्षण आले. त्यात या गाण्याविषयी शेरा असा की, त्यातले संदर्भ इतके गूढ आहेत की अर्थ आकलनापलीकडे जातो. आता त्या गाण्यात आहे काय? एक मूल आहे. त्यास विचारपूर्वक ठेवलेले नाव आहे. दूर निघून गेलेला बाप आहे, सह्या झालेले कागद आहेत, आणि लेकराच्या पुढच्या आयुष्यासाठी मागितलेल्या साध्यासुध्या गोष्टी आहेत. यात गूढ ते काय? १९६५ च्या फेब्रुवारीत टोरांटो येथे, वयाच्या एकविसाव्या वर्षी, अविवाहित व निष्कांचन अवस्थेत बाईंनी एका मुलीस जन्म दिला होता. मिचेल हे आडनाव त्याच वर्षी पुढे झालेल्या विवाहामुळे मिळाले. मूल मात्र दत्तक द्यावे लागले. अविवाहित मातेच्या वाट्यास तेव्हाच्या कॅनडात काय येत असेल, याची कल्पना करण्यास आमच्या वाचकांस फार दूर जावे लागणार नाही. १९६७ साली, म्हणजे 'ब्लू' निघण्याच्या चार वर्षे आधी, त्या हे गाणे जाहीर कार्यक्रमांतून गात होत्या.

म्हणजे पाहा. बाईंच्या आयुष्यातील पुरुषांची शिरगणती ज्यांनी इतक्या हौसेने केली, त्यांच्या कानांवर तिच्या आयुष्यातील एवढी मोठी गोष्ट तिच्याच आवाजात, इंग्रजीतच, पडत होती. आणि त्यांस ती ऐकू आली नाही. गाण्यात प्रियकर सापडेना, तेव्हा गाणे दुर्बोध ठरले. किल्ल्यांचा एकच जुडगा घेऊन फिरणाऱ्यास ज्या दाराला ती किल्ली लागत नाही ते दार भिंतच वाटते.

यावर कोणी म्हणेल, "मग चरित्राची माहिती उपयोगाचीच ठरली ना?" ठरली, हे आम्हांस मान्य आहे. ही हकीकत १९९३ साली उघड झाली. तीही एका जुन्या ओळखीच्या व्यक्तीने ती बाजारू पत्रास विकली म्हणून. मायलेकींची गाठ १९९७ मध्ये पडली. हे कळल्यानंतर गाणे अधिक खोल जाते यात शंका नाही. परंतु लेकराचा वियोग ज्यांनी सोसला असेल त्यांस ते कळण्यास बातमीची वाट पाहावी लागली नसेल. चरित्रकार गाण्यापासून निघतो आणि गाण्याकडे परत येतो. वाटेत जे मिळेल ते गाण्याच्या पायाशी ठेवतो. कुटाळ मनुष्य गाण्यातून एक नाव उचलतो आणि पळत सुटतो. दोघांच्या हाती कधीकधी एकच वस्तू सापडते म्हणून दोघांचा धंदा एक होत नाही.

पुरुष गायकांचे काय होते तेही पाहावे. मिचेलबाईंचेच देशबांधव लेनर्ड कोहेन यांनी १९६७ साली 'सो लाँग, मॅरियान' हे गाणे प्रसिद्ध केले. खऱ्याखुऱ्या स्त्रीचे नाव सरळ मथळ्यावर! म्हणून कोणी त्यांस 'अमकीचा पुरुष' अशी पदवी दिली नाही. त्यांच्या गीतांत बायबलाचे पडसाद शोधण्यात आले, आणि ते शोधणे रास्तच होते. पुरुषाने प्रेमभंग गायिला की तो मानवजातीचा प्रेमभंग होतो. स्त्रीने गायिला की तिची रोजनिशी चोरून वाचावयास मिळाल्याचा आनंद होतो. या दुसऱ्या प्रकारच्या गाण्यांस 'आत्मकथनपर' असे भारदस्त नाव देऊन समीक्षकही त्याच पंगतीस बसतात. मिचेलबाईंस हे विशेषण कधीच रुचले नाही. पुरुष या जाचातून अगदीच सुटतात असे मात्र नव्हे. आमच्याकडे माधव ज्यूलियन यांच्या प्रेमकवितेतील स्त्री कोण, या चौकशीत लोकांस जेवढी गोडी वाटली तेवढी त्यांच्या 'छंदोरचने'त वाटली नाही. उलट, जात्यावर बसून भावाची ओवी गाणाऱ्या बाईस "हा भाऊ थोरला की धाकटा?" असे आमच्या आज्यापणज्यांपैकी कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. ऐकणारी प्रत्येक बाई त्या ओवीत आपापला भाऊ बसवीत असे, आणि दळण चालू राही. त्या निरक्षर बायांस गाणे ऐकावे कसे हे उत्तम ठाऊक होते.

दुसरा आक्षेप अधिक बळकट आहे. तो असा की, गायिका स्वतःच हे आमिष टाकतात. मग श्रोत्यांस दोष का द्यावा? हे खोटे नाही. कार्ली सायमन यांचे 'यू आर सो व्हेन' हे १९७२ सालचे गाणे कोणा आत्मगर्वी पुरुषास उद्देशून आहे. तो कोण, या कोड्यावर कित्येक दशके लोकांनी डोके खाजविले. २००३ साली एका धर्मादाय लिलावात ते गुपित बोलीवर लावण्यात आले आणि एका दूरचित्रवाणी अधिकाऱ्याने ५०,००० डॉलर देऊन, बाहेर न फोडण्याच्या अटीवर, ते विकत घेतले. दान सत्कार्यास गेले, ठीकच झाले. पण त्या गृहस्थास त्या रात्री घरी जाऊन गाणे लावल्यावर आदल्या दिवशीपेक्षा किती अधिक ऐकू आले असेल, हे विचारण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. टेलर स्विफ्ट यांनी आपल्या आरंभीच्या संग्रहांसोबतच्या गीतपुस्तिकांत मोठ्या अक्षरांनी सांकेतिक निरोप पेरून ठेवले होते. हे व्यापारी चातुर्य आहे, आणि त्याचे समर्थन आम्ही करीत नाही. गिऱ्हाइकास कोड्याची चटक लावल्यावर त्याने गाणे सोडून कोडेच धरले तर तक्रारीस जागा राहत नाही. तथापि त्याच स्विफ्टबाईंच्या पहिल्या सहा संग्रहांच्या मूळ ध्वनिमुद्रिकांचे स्वामित्व २०१९ साली त्यांच्या इच्छेविरुद्ध परहस्ते गेले. तेव्हा २०२१ ते २०२३ या काळात त्यांनी चार संग्रह पहिल्यापासून पुन्हा गाऊन मुद्रित केले, आणि अखेर २०२५ च्या मे महिन्यात जुन्या मुद्रिकाही विकत घेऊन आपल्या ताब्यात आणल्या. एका स्त्रीने आपल्या श्रमाचे धन परत मिळविल्याची इतकी मोठी घटना संगीताच्या व्यवहारात वारंवार घडत नाही. त्याच वर्षीच्या ऑगस्टात त्यांचा वाङ्निश्चय जाहीर झाला. या दोन बातम्यांपैकी आपल्या घरी जेवणाच्या वेळी कोणती निघाली, हे प्रत्येक वाचकाने आपले आपणच आठवून पाहावे.

मिचेलबाईंकडे परत येऊ. 'रोलिंग स्टोन'ने २००३ साली सर्वोत्तम पाचशे संग्रहांची यादी केली तीत 'ब्लू' तिसावा होता. २०२० च्या सुधारलेल्या यादीत तो तिसरा आला. तक्ता छापल्याचे हे प्रायश्चित्त होय असे काही भाविक समजतात. आम्हांस तसे वाटत नाही. तक्त्याच्या जागी यादी आली, इतकेच; क्रमांक लावणे हीदेखील ऐकण्याची टाळाटाळच होय.

२०१५ साली मेंदूतील रक्तवाहिनीच्या विकाराने मिचेलबाई मरणाच्या दारी जाऊन परत आल्या. त्यांस बोलणेचालणे नव्याने शिकावे लागले. २०२२ च्या जुलैत, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, अमेरिकेतील न्यूपोर्ट येथील लोकसंगीताच्या मेळ्यात त्या खुर्चीवर बसून 'बोथ साइड्स नाऊ' हे गाणे गायिल्या. ते त्यांनी पंचविशीच्या आत रचले होते, आणि प्रथम ते लोकप्रिय केले ते ज्यूडी कॉलिन्स या दुसऱ्याच गायिकेने, म्हणजे दुसऱ्याच बाईच्या तोंडून. तरुणपणचा तो उंच, काचेसारखा आवाज आता खाली खर्जाकडे उतरला आहे. शब्द तेच होते. ते म्हणण्याचा अधिकार मात्र मधल्या पंचावन्न वर्षांनी दिला होता. शेजारी बसलेल्या साथीदारांपैकी काहींस डोळे पुसावे लागले. हे गाणे कोणावर रचले होते, असे त्या दिवशी कोणी विचारल्याचे आमच्या वाचनात नाही.