पाव, रोडगा आणि वैद्याचे हात

पथ्यपत्रकात सर्वांत सहजपणे लिहिले जाणारे आणि सर्वांत कमी पाळले जाणारे वाक्य कोणते, असे कोणी विचारल्यास ‘बेकरीचे पदार्थ वर्ज्य’ हेच ते, असे उत्तर आम्ही देऊ. अम्लपित्त असो, मलावष्टंभ असो, स्थौल्य असो वा प्रमेह असो. औषधयोग बदलतात, हे वाक्य बदलत नाही. रुग्ण मान डोलावतो, चिठ्ठीची घडी करून खिशात ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चहात टोस्ट बुडवितो. पुढील भेटीत तो ही गोष्ट आपणांस सांगत नाही. येथेच वैद्य आणि रुग्ण यांच्यातील विश्वासाला पहिली बारीक चीर पडते.

आखाडा बाळापूर हे कळमनुरी तालुक्यातील, नांदेड-हिंगोली मार्गावरील गाव. पहाटेच्या गाडीने कामाला निघणारा मजूर, माल उतरविणारा हमाल, महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी, रात्रभर वाहन हाकून आलेला चालक, यांचा दिवस चहाच्या टपरीवर सुरू होतो. ज्वारीची भाकरी हा ज्या मुलखाचा प्राण, त्या मुलखातही पहिला घास आज पाव, खारी वा टोस्ट यांचा असतो. भाकरीला चूल पेटवावी लागते, तिला करणाऱ्या बाईला त्याआधी तासभर उठावे लागते. पाव मात्र तयार मिळतो. हे वास्तव ‘वर्ज्य’ या एका शब्दाने पुसले जाणार नाही. म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, पावाविषयी रुग्णाला काही सांगण्यापूर्वी वैद्याने एकदा तरी तो स्वतःच्या हातांनी करावा. आणि शक्यतो एकट्याने करू नये, मित्रासह करावा.

यावर प्रथम जो आक्षेप येईल तो आम्हांस ठाऊक आहे. वैद्याने नाडी सोडून पीठ मळत बसावे काय? परंतु हा प्रश्न आपल्या शास्त्राच्या परंपरेत बसत नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील अन्नपानविधी अध्यायात कृतान्नाचा, म्हणजे शिजविलेल्या अन्नाचा, स्वतंत्र वर्ग केला. विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात आहारविधीची आठ आयतने सांगताना प्रकृतीच्या पाठोपाठ ‘करण’ ठेवले. पाणी, अग्नी, मंथन, काळ, पात्र यांनी द्रव्याच्या गुणांत पालट होतो, हा त्या संकल्पनेचा गाभा. सतराव्या शतकात रघुनाथसूरींना ‘भोजनकुतूहल’ हा केवळ अन्नावरचा ग्रंथ लिहावासा वाटला, तो पाकशाळेला शास्त्राबाहेर मानून नव्हे. करण हा विषय वाचून कळतो. पण समजतो तो हात पिठात गेल्यावरच.

पाव म्हणजे परकीय आणि म्हणून त्याज्य, अशीही एक समजूत आढळते. नाव पोर्तुगीजांकडून आले हे खरे. गोव्याच्या पोदेरांनी माडाच्या सुरेवर पीठ फुगवून तो आपलासा केला हेही खरे. परंतु कणकेचा गोळा अग्नीवर भाजण्याची कला आपल्या मातीत फार जुनी आहे. भावप्रकाशातील अंगारकर्कटी आठवावी. कोरडे गव्हाचे पीठ पाण्याने घट्ट मळून, वड्याच्या आकाराचे गोळे करून निर्धूम निखाऱ्यांवर हळूहळू भाजावे, ही तिची कृती. बृंहण, बल्य, दीपन आणि तरीही लघु, असे तिचे वर्णन आहे. मराठवाड्यातील कोणत्याही शेतकऱ्यास ही कृती वाचून दाखवा. तो म्हणेल, ‘‘वैद्यबुवा, हा तर आमचा रोडगा!’’ संत एकनाथांच्या प्रसिद्ध भारुडात भवानीआईला नवस बोलला जातो तोही रोडग्याचाच.

रोडगा हे एकट्याने करण्याचे काम नव्हे. रवाळ दळलेली कणीक एकाने मळावी, दुसऱ्याने गोवऱ्यांची रास रचून पेटवावी. लहान पोळ्यांना तेल लावून एकावर एक थर द्यावेत, वरच्या पारीत ते बंद करून गोळा वळावा. धूर संपून निखारा पडेपर्यंत धीर धरावा. गोळे चहूबाजूंनी भाजले गेले की गरम राखेत पुरून ठेवावेत, आणि मग फडक्यात घेऊन राख झटकावी. तोवर तिसऱ्याची वांग्याची भाजी तयार होते. या साऱ्यात सर्वांत महत्त्वाचे कौशल्य आहे ते अग्नी ओळखण्याचे.

येथे वाग्भटाचार्यांचे एक सूत्र विलक्षण उपयोगी पडते. एकाच द्रव्याचे अपूप कुकूल, खर्पर, भ्राष्ट्र, कंदु आणि अंगार यांवर भाजले असता उत्तरोत्तर लघु होतात, असे अष्टांगहृदयाच्या अन्नस्वरूपविज्ञानीय अध्यायात सांगितले आहे. कुकूल म्हणजे तुसाचा वा गोवरीचा धुमसता अग्नी, खर्पर म्हणजे खापर, कंदु म्हणजे भट्टी वा तिच्यासारखे साधन, आणि अंगार म्हणजे धगधगीत निखारा. पीठ तेच, पाणी तेच. केवळ अग्नी बदलला आणि पचनाचा भार बदलला. गोवरी धुमसत असतानाच घाईने लावलेला रोडगा आणि पूर्ण निखारा पडल्यावर लावलेला रोडगा यांतील फरक आमच्या खेड्यांतील वृद्ध जिभेने ओळखतात. पहिला बाहेरून करपतो, आत कच्चा राहतो आणि पोटात जड होतो. सूत्राचा एवढा जिवंत प्रत्यय देणारी प्रयोगशाळा आपल्याच शेतात असताना आपण तिच्याकडे पाठ फिरवावी, हे योग्य नव्हे.

आता आंबविलेल्या पावाकडे वळू. आमचे एक स्नेही छोटी रसशाळा व औषधी दुकान चालवितात. गेल्या हिवाळ्यात काही रविवार त्यांच्या सोबतीने आम्ही घरी पाव केला. विकतचे यीस्ट न वापरता आंबवण धरले. कणीक आणि पाणी समभाग कालवून झाकून ठेवावे, रोज त्यातील अर्धे काढून तितकेच ताजे पीठ-पाणी घालावे. पाच ते सात दिवसांत ते फसफसू लागते आणि त्याला सौम्य आंबूस, फळासारखा गंध येतो. 500 ग्रॅम कणकेस सुमारे 350 मिलिलिटर पाणी, 100 ग्रॅम आंबवण आणि 9 ग्रॅम मीठ एवढेच साहित्य. भट्टीचे तापमान 220 अंश सेल्सिअसच्या आसपास आणि वेळ सुमारे 40 मिनिटे. ज्यांच्याकडे भट्टी नाही त्यांनी जाड बुडाच्या पातेल्यात वाळू तापवून, आत डबा ठेवून, वर घट्ट झाकण लावावे.

या कामात आमचे स्नेही आमच्या पुढे होते, याचे नवल वाटू नये. संधानपात्राला कान लावून आतील आवाज ऐकणाऱ्या माणसाला पिठाची भाषा शिकवावी लागत नाही. धायटीच्या फुलांबरोबर आसवारिष्टात जे किण्व येते, त्याचेच भाईबंद गव्हाच्या पिठात व हवेत असतात. शर्करेचे रूपांतर दोन्हीकडे सारखेच होते: एक वायू निर्माण होतो आणि एक मद्यांश. फरक एवढाच की, आसवात वायू निघून जाऊ द्यावयाचा आणि मद्यांश राखावयाचा. पावात वायू धरून ठेवावयाचा आणि मद्यांश अग्नीने उडवून लावावयाचा. पात्रात जळती काडी धरली असता ती विझते की जळत राहते, यावरून जसे आपण संधानाची अवस्था ओळखतो, तसेच फुगलेल्या गोळ्यावर बोट दाबून ओळखावे. खळगा तत्काळ भरून आला तर आणखी वेळ द्यावा. सावकाश भरून आला तर भट्टीत घालावा. मुळीच न भरला तर वेळ टळून गेली. हिवाळ्यात ज्याला रात्र लागते त्यालाच वैशाखात दोन-तीन तास पुरतात, हे ऋतुभेदाचे ज्ञान तर आसव करणाऱ्या प्रत्येकास आहेच.

हाताने केल्यावर ज्या गोष्टी उमगतात त्या रुग्णाला सांगण्याजोग्या असतात. गव्हाला पाणी लागले की ग्लुटेनचे तंतू बनतात आणि तेच वायू अडवून धरतात. ज्वारीत ते नाहीत, म्हणून भाकरी उकळत्या पाण्यात पीठ मळून हातावर थापावी लागते, तिचा फुगीर पाव होत नाही. कोंड्यासह कणीक घेतली तर कोंडा हे तंतू तोडतो आणि पाव दाट बसतो. बाजारातील पाव कापसासारखा मऊ का, याचे उत्तर मैद्यात आणि वेगात आहे. इंग्लंडमध्ये 1961 साली चोर्लीवुड येथे वेगवान यंत्राने पीठ मळण्याची पद्धत विकसित झाली, तेव्हापासून कारखान्यांतील पावाचा आंबण्याचा काळ तासांवरून मिनिटांवर आला. काळ वाचला, पण काळानेच होणारा संस्कारही वाचला. दीर्घकाळ आंबविलेल्या पिठात फायटिक आम्ल कमी होते आणि लोह-जस्तासारखी खनिजे शरीराला अधिक सुलभ होतात, हे आधुनिक आहारशास्त्रही मानते. पीठ सुधारण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पोटॅशियम ब्रोमेटला कर्करोगाच्या संशयावरून भारतात 2016 साली बंदी झाली, हेही वैद्याला ठाऊक असावे. नाहीतर वीस वर्षांपूर्वीची भीती आजही जशीच्या तशी सांगितली जाते.

तथापि, घरचा पाव म्हणजे पथ्य, असा उलटा निष्कर्ष आम्ही काढीत नाही. पिष्टान्न गुरू आहे आणि आंबविलेले अन्न अम्ल, उष्ण व पित्तवर्धक आहे, हे शास्त्रवचन घरच्या भट्टीने बदलत नाही. अम्लपित्त, शीतपित्त, रक्तपित्त आणि त्वग्विकारांचे रुग्ण यांना तो घरचा असला तरी देऊ नये. ग्लुटेन न सोसणाऱ्यांना तर गहूच वर्ज्य. मात्र ज्याचा अग्नी समर्थ आहे, जो कष्टकरी आहे, त्याला पूर्ण निवलेला, दिवसा खाल्लेला, मात्रेत घेतलेला आणि मुगाच्या कढणासोबत वा तुपासोबत दिलेला पाव आणि पहाटे रिकाम्या पोटी गोड चहात बुडविलेली खारी यांना एकाच शब्दात बांधणे अशास्त्रीय आहे. स्नेहाचे महत्त्व तर या जिल्ह्याला निराळे सांगावयास नको. कुत्र्याने कोरडी पोळी पळविली तेव्हा तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावलेल्या संत नामदेवांची आख्यायिका आपण बालपणापासून ऐकतो, आणि त्यांचे नाव धारण करणारे नरसी नामदेव हिंगोली जिल्ह्यातच आहे. रूक्षाला स्नेहाची जोड हवी, हा आहारविचार त्या करुणेच्या कथेत सहज सामावला आहे.

औषधिनिर्मात्या बंधूंना येथे एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. पावात अश्वगंधेचे वा शतावरीचे चूर्ण टाकून त्यावर ‘आयुर्वेदिक’ असा शिक्का मारण्याचा मोह वाढत आहे. आयुर्वेद आहाराविषयीचे केंद्रीय विनियम 2022 पासून अस्तित्वात आहेत आणि त्यांचा आधार ग्रंथोक्त कृती हा आहे. चिमूटभर चूर्णाने संस्कार होत नाही. भट्टीच्या तापमानात त्या द्रव्याचे काय होते, त्याची मात्रा किती उरते, हे न तपासता केलेला दावा ग्राहकाची फसवणूक तर करतोच, शिवाय ज्या वैद्याच्या शब्दावर ग्राहक विश्वास ठेवतो त्याचीही पत घालवितो. शिक्का मारावयाचाच असेल तर अंगारकर्कटी आहे. तिला नव्या नावाची गरज नाही.

मित्रासह पाव करावा, असे आम्ही का म्हणतो, तेही स्पष्ट केले पाहिजे. चरकाचार्यांनी तद्विद्यसंभाषेचे दोन प्रकार सांगितले: संधायसंभाषा आणि विगृह्यसंभाषा. पहिली स्नेहाची, दुसरी जिंकण्याची. वैद्य आणि औषधी दुकानदार यांचे संभाषण आज बहुधा देयके, सवलती आणि माल कधी येणार यांपुरते उरले आहे. पीठ फुगण्यास जे तीन-चार तास लागतात त्यांत दोघांनाही कोठे जाता येत नाही. अशा वेळी कोणत्या आसवाची तक्रार आली, कोणत्या रुग्णाने औषध मध्येच सोडले, कोणते द्रव्य बाजारात भेसळीचे येत आहे, हे आपोआप बोलले जाते. आमच्या त्या रविवारांत जितकी उपयुक्त चर्चा झाली तितकी वर्षभरातील फोनवर झाली नव्हती.

म्हणून सभासदांना आमची विनंती आहे. येत्या हिवाळ्यात प्रत्येक तालुक्यात निदान एक वैद्य आणि एक औषधिनिर्माता अशा जोडीने एकदा रोडगा आणि एकदा आंबवणाचा पाव करावा. पीठ कोणते, पाणी किती, आंबण्यास लागलेला काळ, अग्नीचा प्रकार, भाजण्यापूर्वीचे व नंतरचे वजन, आणि खाल्ल्यावर पुन्हा क्षुधा लागण्यास गेलेला वेळ यांची नोंद ठेवावी. या साध्या नोंदी या त्रैमासिकाकडे आल्या तर वाग्भटाच्या त्या एका सूत्रावर आपल्याच मुलखातील अनुभवांचे टिपण तयार होईल.

आणि पथ्यपत्रकातील ते एक वाक्य बदलावे. ‘बेकरीचे पदार्थ वर्ज्य’ याऐवजी कोणता, कशाचा, केव्हा, किती आणि कशासोबत, अशा पाच शब्दांची उत्तरे लिहावीत. चिठ्ठी थोडी लांबेल. पण रुग्णाला ती घरी नेऊन पाळता येईल, आणि पाळता न आली तर पुढच्या खेपेस तो तसे मोकळेपणाने सांगेल.