अट कोणती न्याय्य?

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे फुकटचे सॉफ्टवेअर, असा गैरसमज सुशिक्षितांमध्येही आढळतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्यामागची भूमिका हक्काची होती. प्रोग्राम कोणत्याही कामासाठी चालवणे, त्याची मूळ संहिता वाचून बदलणे, प्रती वाटणे आणि सुधारलेल्या प्रतीही वाटणे, हे चार हक्क वापरणाऱ्याच्या हाती असले पाहिजेत. मग हक्क दिल्यावर परवान्यात अटी कशाला, असा प्रश्न विचारला जातो.

आमचे उत्तर स्पष्ट आहे. हक्क नुसते जाहीर करून टिकत नाहीत. अट नसेल तर एखादी बलाढ्य कंपनी अनेकांच्या श्रमाचे फळ उचलते, त्यात थोडी भर घालते आणि आपली संहिता कुलूपबंद करून मालक होऊन बसते. म्हणूनच १९८९ च्या जीपीएल परवान्याने अट घातली : प्रोग्राम वाटा, हवा तर विका, पण घेणाऱ्याला मूळ संहिता द्या आणि तुम्हाला मिळालेले सर्व हक्कही द्या. २००७ साली आलेल्या एजीपीएलने बदललेला प्रोग्राम इंटरनेटवरून लोकांना वापरायला देणाऱ्यांनाही संहिता खुली करणे भाग पाडले. या अटी न्याय्यच आहेत.

परंतु अटीलाही मर्यादा हवी. डग्लस क्रॉकफर्ड यांनी जेसॉनच्या परवान्यात प्रोग्राम चांगल्यासाठीच वापरावा, वाइटासाठी वापरू नये, असे बजावले. २०१९ च्या हिप्पोक्रॅटिक परवान्याने मानवी हक्क तुडवणाऱ्यांना मनाई केली. हेतू उदात्त आहे, आम्हाला तो भावतोही. पण चांगले काय आणि वाईट काय, हे ठरवणार कोण? आज एका लेखकाने जुलमी माणसावर उगारलेली ही छडी उद्या दुसरा लेखक संपकरी कामगारांवर उगारेल. हक्क मागणारा माणूस सत्तेच्या लेखी नेहमीच उपद्रवी ठरत आला आहे, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. अत्याचार रोखायला कायदा हवा, न्यायालय हवे, जनतेचा संघर्ष हवा. ते काम परवान्यावर सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

परवान्याने माणसाची पात्रता तपासू नये. जो हक्क तुम्हाला मिळाला तो पुढच्याला नाकारू नका, एवढीच अट त्याने घालावी आणि ती मात्र कोणाचीही भीडभाड न ठेवता पाळायला लावावी.